अर्ध्या टाकीचा जुगार: हुआन मॅन्युएल फांजिओ आणि १९५७ ची न्यूरबर्गरिंग

आजच्या फॉर्म्युला वनमध्ये गाडी पिटमध्ये येते, चारही टायर बदलले जातात आणि दोन-अडीच सेकंदांत ती परत ट्रॅकवर असते. चार सेकंद लागले तरी टीव्हीसमोर बसून आपण हळहळतो. ४ ऑगस्ट १९५७ ला जर्मनीतल्या न्यूरबर्गरिंगवर एका ड्रायव्हरला पिटमध्ये जवळपास ५३ सेकंद काढावे लागले. ठरले होते साधारण ३०. चाक बसवताना एक नट गाडीखाली गेला आणि मेकॅनिकना तो पटकन सापडेना. गाडी एकदाची सुटली तेव्हा पुढचे दोघे पाऊण मिनिटाहून जास्त पुढे होते, आणि रेसच्या फक्त १० लॅप उरल्या होत्या.

पुढच्या दोन्ही गाड्या फेरारीच्या. चालवणारे दोघंही इंग्लिश तरुण, माइक हॉथॉर्न २८ वर्षांचा आणि पीटर कॉलिन्स २५ चा, म्हणजे साधारण माझ्याच वयाचे. मागे राहिलेला ड्रायव्हर होता हुआन मॅन्युएल फांजिओ. मझेराटीची गाडी, वय वर्षं ४६.

त्या १० लॅपमध्ये काय झालं ते पुढे सविस्तर बघूच. त्याआधी हा माणूस कुठून आला ते बघू, कारण माझ्या मते त्या दिवशीचं अर्धं गणित तो गॅरेजमध्येच शिकला होता.

बाल्कार्सेचं गॅरेज

फांजिओचा जन्म २४ जून १९११ चा, अर्जेंटिनातल्या बाल्कार्से गावातला. बटाट्याच्या शेतीसाठी ओळखलं जाणारं हे गाव. आईवडील इटलीहून येऊन तिथे स्थायिक झालेले, घरात सहा भावंडं. शाळा अर्धवट सुटली आणि पोरवयातच तो एका गॅरेजमध्ये उमेदवारी करू लागला. फुटबॉल चांगला खेळायचा. पाय जरा फेंगडे होते म्हणून मित्रांनी नाव पाडलं एल चुएको, म्हणजे आपल्या भाषेत फेंगड्या. पुढे पाच वेळा विश्वविजेता झाला तरी अर्जेंटिनात तो एल चुएकोच राहिला.

नंतर मित्रांबरोबर त्याने स्वतःचं गॅरेज काढलं. १९३६ मध्ये पहिली रेस धावला ती गाडी कुठली माहितीये? एका मित्राच्या वडिलांची फोर्ड टॅक्सी, रेससाठी वरून थोडी सोललेली.

तेव्हा अर्जेंटिनातल्या रेस म्हणजे गुळगुळीत ट्रॅकवर गोल गोल फिरणं नव्हे. साध्या रस्त्यावरच्या गाड्या घेऊन धूळ, चिखल, नद्या-नाले आणि डोंगर पार करत एका शहरातून दुसऱ्या शहरात जायचं, दिवसेंदिवस. १९४० मध्ये ब्युनॉस आयर्स ते पेरूची राजधानी लिमा आणि परत अशी एक रेस झाली. अंतर साडेनऊ हजार किलोमीटरच्या आसपास, वाटेत अँडीज पर्वत. फांजिओने ती शेवरोलेमध्ये जिंकली. ही शेवरोले त्याला गावकऱ्यांनी वर्गणी काढून दिलेली होती! वाटेत गाडी बिघडली तर दुरुस्त करणारा दुसरा कोणी नाही. त्यामुळे मशीनकडून किती काम करून घ्यायचं आणि कुठे थांबायचं, ही समज त्याच्या हातात आणि कानात बसली.

याच रस्त्यांनी त्याच्याकडून किंमतही वसूल केली. १९४८ मध्ये ब्युनॉस आयर्स ते कराकास अशा रेसमध्ये पेरूत त्याची गाडी रस्ता सोडून खाली गेली. शेजारी बसलेला त्याचा सहकारी आणि मित्र डॅनियल उरुतिया त्यात मेला. गाडी फांजिओ चालवत होता. रेसिंग सोडून द्यायचा विचार तेव्हा त्याच्या मनात येऊन गेला, पण सोडलं नाही. १९४९ मध्ये सरकारी मदतीवर तो युरोपात गेला आणि एकामागून एक रेस जिंकू लागला. तोवर वय ३८ झालं होतं. आजच्या हिशोबाने हे निवृत्तीचं वय.

इंधन आणि टायर

१९५० मध्ये फॉर्म्युला वनची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा सुरू झाली. फांजिओ अल्फा रोमिओच्या संघात होता. पहिलं विजेतेपद त्याचाच सहकारी ज्युसेप्पे फरिनाला मिळालं, दुसऱ्या वर्षीचं, म्हणजे १९५१ चं, फांजिओला.

ही अल्फा गाडी मला फार इंटरेस्टिंग वाटते. इंजिन फक्त दीड लिटरचं, पण सुपरचार्जर लावून त्यातून ४०० हॉर्सपॉवरच्या वर ताकद काढलेली. सुपरचार्जर म्हणजे इंजिनच्याच ताकदीवर फिरणारा पंप, जो सिलिंडरमध्ये जबरदस्तीने जास्त हवा कोंबतो. जास्त हवा म्हणजे जास्त इंधन जाळता येतं. आता गाडी अ‍ॅव्हरेज किती देते असं कोणी विचारलं तर उत्तर ऐकवणार नाही: लिटरमागे धड एक किलोमीटरसुद्धा नाही. त्यामुळे टाक्या प्रचंड मोठ्या, भरल्या की गाडी जड, आणि तरीही मधे थांबून पुन्हा भरावंच लागायचं. फेरारीने साडेचार लिटरचं, सुपरचार्जर नसलेलं इंजिन आणलं. ते कमी पिणारं होतं. जुलै १९५१ मध्ये ब्रिटनच्या रेसमध्ये फेरारीने अल्फाला हरवलं, त्यामागे अल्फाची ही तहान हे एक मोठं कारण होतं. फांजिओ त्या दिवशी दुसरा आला.

वर्षाची शेवटची रेस स्पेनमध्ये बार्सिलोनाला होती आणि विजेतेपदाचा फैसला तिथेच होणार होता. फेरारीने मागे नेहमीपेक्षा लहान, १६ इंची चाकं लावली. लहान चाकाला तेवढंच अंतर कापायला जास्त फेरे घ्यावे लागतात, त्यामुळे टायर जास्त तापतो. रेसमध्ये फेरारीच्या टायरांचे वरचे थर सुटून उडायला लागले आणि गाड्या वारंवार पिटमध्ये येऊ लागल्या. फांजिओ शांतपणे जिंकला. म्हणजे पहिल्याच विजेतेपदाच्या वर्षात त्याने दोन्ही बाजू बघितल्या: इंधनामुळे रेस कशी हातातून जाते आणि टायरमुळे ती कशी हातात येते.

१९५२ मध्ये त्याने आयुष्यातली कदाचित सगळ्यात मोठी चूक केली. उत्तर आयर्लंडमधली एक रेस संपवून दुसऱ्या दिवशी इटलीत मोंझाला धावायचं होतं. विमानाची सोय झाली नाही म्हणून पॅरिसपासून रात्रभर स्वतः गाडी चालवत तो मोंझाला पोहोचला, रेसच्या जेमतेम अर्धा तास आधी. झोप नाही, सराव नाही, सुरुवात सगळ्यांच्या मागून. दुसऱ्याच लॅपला गाडी उडाली, तो बाहेर फेकला गेला आणि मानेचं हाड मोडलं. उरलेला मोसम गेला. एवढा हिशोबी माणूस, पण गाडीच्या हिशोबात ड्रायव्हरचं शरीर धरायचं राहून गेलं होतं.

१९५४ च्या मधल्या टप्प्यावर तो मर्सिडीजकडे गेला. त्यांच्या डब्ल्यू १९६ गाडीवर एक वेगळा लेख होऊ शकेल, इथे एकच गोष्ट सांगतो. साध्या इंजिनमध्ये व्हॉल्व्ह उघडतो कॅम आणि बंद करते स्प्रिंग. इंजिन फार वेगाने फिरलं की स्प्रिंग मागे पडते, व्हॉल्व्ह वेळेत बंद होत नाही. मर्सिडीजने स्प्रिंगच काढून टाकली आणि बंद करण्याचं कामही दुसऱ्या कॅमकडे दिलं. जोडीला सिलिंडरमध्ये थेट इंधन फवारणारं इंजेक्शन. १९५४ आणि १९५५ ही दोन्ही विजेतेपदं फांजिओची. १९५६ चं त्याने फेरारीकडून मिळवलं, पण एन्झो फेरारीशी त्याचं जमलं नाही आणि १९५७ ला तो मझेराटीत परतला. त्या १९५६ च्या शेवटच्या रेसमध्ये फांजिओची गाडी बिघडली तेव्हा स्वतःची गाडी थांबवून त्याला देणारा सहकारी होता पीटर कॉलिन्स. कॉलिन्सला स्वतःला तेव्हा विजेतेपदाची संधी होती. आता न्यूरबर्गरिंगवर त्याच कॉलिन्सला गाठायचं होतं.

२२ किलोमीटरची एक लॅप

न्यूरबर्गरिंगचा जुना ट्रॅक म्हणजे आयफेलच्या डोंगरात, झाडीमधून वरखाली जाणारा घाटच समजा. एक लॅप २२.८ किलोमीटरची, दीडशेहून जास्त वळणं. बरीच अशी की पलीकडे काय आहे ते दिसत नाही. कडेला झाडं, कुंपणं, खड्डे. गाडीत सीटबेल्ट नाही. रेस २२ लॅपची, म्हणजे ५०० किलोमीटर.

फांजिओला हा ट्रॅक तोंडपाठ होता, आणि त्याची एक आठवण फार वाईट होती. १९५४ मध्ये इथेच सरावात ओनोफ्रे मारिमोन हा तरुण अर्जेंटिनी ड्रायव्हर अडेनाऊच्या पुलाकडे उतरणाऱ्या भागात रस्त्याबाहेर गेला आणि मेला. फांजिओ त्याला हाताखालचा मुलगा मानायचा. मारिमोनची गाडी होती मझेराटी २५० एफ, आणि १९५७ मध्ये फांजिओकडेही तेच मॉडेल होतं. रेसमध्ये त्या उतारावरून २२ वेळा जायचं होतं.

आता गणित. फेरारीच्या गाड्या टाकी पूर्ण भरून, न थांबता ५०० किलोमीटर जाणार होत्या. मझेराटीचे मागचे टायर त्या वेगात शेवटपर्यंत टिकणार नव्हते, म्हणजे एकदा थांबावंच लागणार. फांजिओचा विचार असा: थांबायचंच आहे तर पूर्ण टाकीचं ओझं कशाला वाहायचं? अर्धी टाकी घेऊन निघू, हलक्या गाडीने आघाडी मिळवू आणि मधे एकदाच टायर आणि इंधन दोन्ही घेऊ.

यातून किती फायदा होतो ते ढोबळ आकड्यांनी बघू. समजा गाडी आणि ड्रायव्हर मिळून ७१० किलो, आणि पूर्ण टाकीतलं इंधन १६० किलो. पूर्ण टाकीने सुरुवातीला ८७० किलो, अर्ध्या टाकीने ७९०. म्हणजे साधारण नऊ टक्के कमी वजन. तेवढ्याच ताकदीत गाडी जास्त लवकर वेग घेते, कमी अंतरात थांबते, आणि टाकी शेपटीकडे असल्यामुळे मागच्या टायरांवरचा भारही कमी होतो. दीडशे वळणांवर प्रत्येकी चिमूटभर वेळ वाचला तरी लॅपमागे दोन-तीन सेकंद सहज निघतात.

आणि निघालेही. तिसऱ्या लॅपला फांजिओ पुढे गेला, आणि १२ व्या लॅपच्या शेवटी पिटमध्ये आला तेव्हा आघाडी होती साधारण २८ सेकंदांची. ३० सेकंदांचा पिट स्टॉप धरला तर तो जवळपास बरोबरीत, पण ताज्या टायरांवर बाहेर पडला असता. योजना म्हणून चोख.

मग तो नट हरवला.

दोन लॅप उशिराची माहिती

बाहेर पडल्यावर पहिल्या एक-दोन लॅप फांजिओ फारसा वेगात नव्हता. नवे टायर थोडे घासून तयार व्हावे लागतात आणि गाडी आता इंधनाने पुन्हा जड होती. फेरारीला गाफील ठेवण्यासाठी त्याने हे मुद्दाम केलं, असंही सांगितलं जातं. कारण काहीही असो, परिणाम हाच झाला. फेरारीच्या पिटने घड्याळं बघितली, धोका नाही असं ठरवलं आणि आपल्या दोघांना दमाने घ्या असा इशारा दिला. हॉथॉर्न आणि कॉलिन्स एकमेकांशी मजेत शर्यत करत चालले होते.

इथे माझ्यातल्या सॉफ्टवेअरवाल्याला राहवत नाही. आम्ही सिस्टिमवर नजर ठेवतो तेव्हा सगळ्यात धोकादायक काय असतं? चुकीची माहिती ओळखू तरी येते, पण उशिरा आलेली माहिती खरीच असते आणि म्हणून जास्त फसवते. १९५७ मध्ये रेडिओ नव्हता. ड्रायव्हरला माहिती मिळायची ती पिटसमोरून जाताना दाखवलेल्या पाटीवरून. एक लॅप साडेनऊ मिनिटांची. म्हणजे गाड्या समोरून गेल्या की अंतर मोजायचं, पाटी लिहायची आणि ड्रायव्हर ती वाचणार साडेनऊ मिनिटांनी. त्याने वेग वाढवला तर त्याचा परिणाम पिटला दिसणार आणखी साडेनऊ मिनिटांनी. एका निर्णयाचं चक्र पूर्ण व्हायला १९ मिनिटं. १० लॅपमध्ये असे जास्तीत जास्त पाच निर्णय. त्यातला पहिला फेरारीने दमाने घेण्यात घालवला.

आणि मागून फांजिओ सुटला. आदल्या वर्षी त्यानेच केलेला लॅपचा विक्रम ९ मिनिटं ४१.६ सेकंदांचा होता. या वर्षी सरावात सगळ्यात वेगवान लॅप त्याचीच, ९ मिनिटं २५.६. आता तो रेसमध्ये, जास्त इंधन घेऊन, तोही आकडा मोडू लागला. ९:२५.३. मग ९:२३.४. मग २० व्या लॅपला ९:१७.४. सरावातल्या स्वतःच्या सर्वोत्तम वेळेपेक्षा आठ सेकंद कमी! सरासरी वेग ताशी १४७ किलोमीटर, तोही अरुंद टायर आणि ड्रम ब्रेकवर.

हे त्याने केलं कसं, ते त्याने स्वतःच नंतर सांगितलं आहे. जी वळणं तो एरवी दुसऱ्या गिअरमध्ये घ्यायचा ती तिसऱ्यात घेतली, तिसऱ्यातली चौथ्यात. वरचा गिअर म्हणजे इंजिनचा जोर चाकांवर कमी येतो. वळणात शिरतानाच वेग जास्त नसेल तर बाहेर पडताना इंजिन रखडतं. त्यामुळे वेग आधीच आत न्यावा लागतो, आणि गाडी घसरू लागली तर सावरायला हाताशी फारसं काही उरत नाही. दिसत नसलेल्या वळणांवर ब्रेक न दाबता. ४६ व्या वर्षी. आयुष्यभर गाडीकडून तिला झेपेल तेवढंच मागणाऱ्या माणसाने त्या दिवशी राखून ठेवलेलं सगळं काढून टेबलावर ठेवलं.

२० व्या लॅपच्या शेवटी अंतर दोन-तीन सेकंदांवर आलं. फेरारीच्या पिटमध्ये आता हातवारे चालले होते, पण पाट्यांचा खेळ संपला होता. २१ व्या लॅपला फांजिओने आधी कॉलिन्सला मागे टाकलं. त्याच्या चाकाखालून उडालेल्या दगडाने कॉलिन्सच्या गॉगलची काच फुटली. मग एका डाव्या वळणावर त्याने हॉथॉर्नच्या आतून गाडी घातली, डावी चाकं गवतावर ठेवून. हॉथॉर्नने शेवटपर्यंत पिच्छा सोडला नाही. रेस संपली तेव्हा दोघांत ३.६ सेकंदांचं अंतर होतं. पिटमध्ये एका नटापायी गेलेले २० हून जास्त सेकंद त्याने ट्रॅकवर परत मिळवले होते. शेवटच्या लॅपमध्ये फांजिओची सीटसुद्धा सैल झाली होती आणि तो गुडघे टेकवून स्वतःला धरून बसला होता.

हा त्याचा अजिंक्यपद स्पर्धेतला २४ वा विजय आणि पाचवं विजेतेपद. हरलेले हॉथॉर्न आणि कॉलिन्स जिंकल्यासारखे खूश होऊन त्याचं अभिनंदन करत होते. फांजिओ मात्र नंतर बरेच दिवस त्या लॅप आठवून अस्वस्थ होत असे. अशी गाडी आपण आधी कधी चालवली नव्हती आणि पुन्हा कधी चालवणार नाही, असं तो सांगायचा. रात्री डोळे मिटले की तीच वळणं समोर यायची.

नंतर

पुन्हा त्याने एकही ग्रां प्री अजिंक्यपद रेस जिंकली नाही. फेब्रुवारी १९५८ मध्ये क्यूबातली एक रेस धावायला तो हवानाला गेला, तर फिदेल कॅस्ट्रोच्या चळवळीतल्या लोकांनी त्याला हॉटेलातून पळवून नेलं. बातिस्ता सरकारची जगभर नाचक्की व्हावी एवढाच हेतू होता. रेस झाल्यावर त्यांनी त्याला सुखरूप सोडलं, आणि आपल्याला चांगलं वागवलं असं त्यानेही सांगितलं.

६ जुलै १९५८ ला फ्रान्समध्ये रांस इथे तो शेवटची रेस धावला आणि चौथा आला. पुढे असलेला हॉथॉर्न त्याला एक लॅप मागे टाकणार होता, पण मुद्दाम हळू झाला आणि फांजिओला त्याच लॅपमध्ये राहू दिलं. त्याच रेसमध्ये लुइजी मुस्सो मेला. चार आठवड्यांनी कॉलिन्स न्यूरबर्गरिंगवरच मेला. हॉथॉर्न त्या वर्षीचा विजेता झाला, त्याने रेसिंग सोडलं आणि जानेवारी १९५९ मध्ये इंग्लंडच्या साध्या रस्त्यावर गाडी चालवताना तोही गेला. २१ व्या लॅपला एकत्र असलेल्या तिघांपैकी दीड वर्षाने फक्त ४६ वर्षांचा म्हातारा उरला होता.

५१ रेस, २४ विजय. पाच विजेतेपदांचा त्याचा विक्रम मायकेल शूमाकरने मोडायला २००३ साल उजाडलं, आणि दर दोन रेसमागे जवळपास एक विजय हे प्रमाण तर अजूनही कोणाला गाठता आलेलं नाही. निवृत्तीनंतर फांजिओ अर्जेंटिनात मर्सिडीजच्या गाड्यांच्या धंद्यात रमला. १९८६ मध्ये बाल्कार्सेत त्याच्या नावाचं म्युझियम उघडलं. १७ जुलै १९९५ ला, ८४ व्या वर्षी, तो ब्युनॉस आयर्समध्ये वारला. पुरलं मात्र गावी, बाल्कार्सेला.